प्रश्न क्रमांक एकशे सेहेचाळीस

१

दार उघडलं, वास आला आणि घात झाल्याचं तिथंच कळलं.

मोगऱ्याच्या थंड खोलीतून वास येता कामा नये. कळी गारठ्यात मिटलेली असते तोवर तिला वास नसतो, आणि बाजारात किंमत असते ती कळीला. उमललेल्या मोगऱ्याला दादरच्या फूलबाजारात कुत्रंही विचारत नाही. त्या सोमवारी सकाळी सात वाजता अंबाडीच्या आमच्या फूल संघाच्या खोलीत शहाऐंशी क्रेट मोगरा टच्च उमलून बसला होता. वास इतका गोड की मळमळावं.

"माझी सात क्रेट व्हती गं, सुवर्णाबाय," आनंदीबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. त्या संघाच्या अध्यक्ष. चौदा गावपाड्यांतल्या बायांनी पहाटे उठून खुडलेला माल त्यांच्या शब्दावर इथं येतो. सगळा माल लग्नसराईच्या ऑर्डरीचा होता.

मी सुवर्णा. बत्तीस वर्षं भिवंडीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते, निवृत्तीनंतर माहेरगावी, अंबाडीला येऊन राहिले. माझ्याकडे मोगऱ्याचं एक झाड नाही, म्हणून माझी कुठली बाजू नाही. त्यामुळे संघात काही बिनसलं की मला बोलावतात. शिवाय मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही, हेही गावाला ठाऊक आहे.

खोलीतला कॉम्प्रेसर बंद होता. त्यात नवल नव्हतं. एप्रिल-मेमध्ये व्होल्टेज पडलं की तो आठवड्यातून दोनदा बसतो. मग आत ऊब वाढते, भिंतीवरचे सेन्सर ते कॉम्प्युटरला कळवतात, कॉम्प्युटर भोंगा वाजवतो आणि गेटवरचा बुधा धावत जाऊन लाल बटण दाबतो. पाच मिनिटांचं काम. कॉम्प्रेसर बसणं हा गुन्हा नव्हताच. गुन्हा हा, की काल दुपारनंतर भोंगा वाजलाच नाही.

शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर आकडा दिसत होता, ४.२ अंश. भिंतीवरचा साधा थर्मामीटर सांगत होता एकोणतीस.

कॉम्प्युटरसमोर जागृती उभी होती. बावीस वर्षांची, अकलोलीच्या वरच्या पाड्यातली, त्या पाड्यातून कीबोर्डवर बोटं ठेवणारी पहिलीच. एक जूनपासून ती संघात कायम होणार होती.

नऊच्या सुमाराला भिवंडीहून मोटरसायकलवर हितेश आला. संघाचा कॉम्प्युटर त्यानंच बसवलेला. त्यानं मशीन बंद करून चालू केलं, सुरुवातीच्या यादीतून काहीतरी जुनं निवडलं, आणि मिनिटाभरात भोंगा असा कोकलला की आनंदीबाई दचकून उठल्या. मग त्यानं एक फाईल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघा. सेन्सर ज्या कार्डाला जोडलेत ते चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, बंद आहे. आपोआप झालेला नाही हा. कोणीतरी हातानं एन दाबलंय, नको म्हणून."

व्यवस्थापक भूपेश याच घटकेची वाट बघत असावा. त्यानं बगलेतून एक वही काढली. "जागृतीची आहे. काल कॉम्प्युटरनं विचारलेल्या प्रश्नांना तिनं दिलेली उत्तरं, तिचंच अक्षर. प्रश्न क्रमांक एकशे सेहेचाळीस." त्यानं ती ओळ सगळ्यांसमोर धरली.

तिथं लिहिलं होतं : न्हाय.

२

दुपारी चारला कमिटी बसणार होती. भूपेशनं पोलिसांत द्यायचा अर्ज टाईप करून तयार ठेवला होता, 'मालाची हेतुपुरस्सर नासाडी'. खाली फक्त आनंदीबाईंची सही राहिली होती. म्हणजे जागृतीची नोकरी तर जाणारच, वर नावाला पोलिसांचा डाग. पाड्यातल्या पोरीला तो जन्मभर पुरतो.

"कारण हाय ना तिला," अंगणात कुजबूज चालली होती. मागच्या पंधरवड्यात तिच्या बापाचे, चिंधूचे, दोन क्रेट संघानं ओले म्हणून परत केले होते. तेव्हापासून चिंधू आपल्या कळ्या परभारे व्यापाऱ्याला देत होता. बापाचा सूड लेकीनं उगवला, असं गणित लोकांनी चहा संपायच्या आत मांडून टाकलं.

मी आनंदीबाईंना म्हटलं, "चार वाजेपर्यंत सही करू नका."

"चार मंजे चार," त्या म्हणाल्या. "बायांना मना तोंड दाखवाचा हाय."

मी हितेशला बाजूला घेतलं. "आता मला समजेल असं सांग. तुझ्या दुकानातल्या भाषेत नको."

"काकी, कॉम्प्युटर चालू झाला की सगळ्यात आधी जो प्रोग्राम उठतो ना, तो कर्नेल. मशीनमध्ये कुठलं कार्ड आहे, कुठलं यंत्र जोडलंय, सगळ्यांना ओळखणारा तोच. त्याला जे ओळखता येत नाही ते लावलेलं असूनही नसल्यासारखं."

"हा कर्नल कोन?" आनंदीबाईंनी लांबून विचारलं. "त्याला बोलवा हितं."

हितेशला हसू आवरेना, मला आवरलं. "मग काल नवा कर्नेल कशाला घातलास?"

"इंटरनेटचा नवा डोंगल घेतला ना संघानं. जुना कर्नेल त्याला ओळखत नव्हता. इकडचं मशीन लहान, म्हणून मी इथल्यापुरता कर्नेल स्वतः बनवतो, नको ते सगळं काढून. नवा बनवताना तो जुन्याची यादी घेतो आणि जे जे नवीन आलंय तेवढंच विचारतो : हे पाहिजे का? वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही. एंटर दाबलं तर त्याचं तो ठरवतो. एकशे ब्याऐंशी प्रश्न होते. मग दोन तास तो बनत बसतो, मग मशीन परत चालू करायचं."

"सेन्सरचं कार्ड तर जुनंच आहे. ते नव्यात का विचारलं?"

त्यानं माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. "बरोबर पकडलंत. आधी त्या कार्डाचा ड्रायव्हर एका मोठ्या ड्रायव्हरच्या पोटात होता. नव्यात त्याला वेगळं काढून स्वतःची ओळ दिली, म्हणून त्याचाही प्रश्न आला. ते मला माहीत होतं, म्हणून तर मी मुद्दाम सांगितलं. एंटर नाही म्हटलं, वाय म्हटलं! आईशप्पथ!"

"हे सगळं फोनवरून?"

"डोंगल चालत नव्हता, तर इंटरनेट कुठलं? कर्नेलचं सामान पेनड्राईव्हवर आधीच पाठवलेलं. मी दुकानात बसून उत्तरं सांगत होतो, ती दाबत होती. रविवारी कोण येणार तीस किलोमीटर? मॅरेजचे फोटो प्रिंट चालू होते ना."

हितेशचं दुकान भिवंडीत गल्लीच्या टोकाला आहे. दोन्ही अंगांना लूमचे, यंत्रमागांचे, कारखाने, आणि त्या गल्लीत लूम रविवारीही थांबत नाहीत. तिथून आलेला फोन मी आयुष्यभर ऐकलेला आहे.

"आणि मशीन चालू झाल्यावर सेन्सर बोलतायत का, ते बघितलंस?"

तो खाली बघायला लागला. "आकडा दिसतोय का विचारलं. ती म्हणाली चार पॉइंट दोन दिसतोय. मला वाटलं झालं."

"सेन्सर गप्प झाले तर तुझा प्रोग्राम काय करतो?"

"शेवटचा साठवलेला आकडा दाखवत राहतो," तो पुटपुटला.

शाब्बास! म्हणजे राखणदार मेला तरी त्याची काठी दारात उभी. हितेशला बोट दाखवायची एवढी घाई का, याचा थोडा उलगडा झाला. पण एकशे सेहेचाळीसचा नव्हता झाला. यानं वाय म्हटलं असेल, तर मुलीनं जाणूनबुजून एन दाबलं. म्हटलं नसेल, तर हा शपथ घेऊन खोटं बोलत होता.

३

जागृतीला मी मागच्या पडवीत बसवलं. पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"खरं काय ते सांग. मी पोलीस नाही."

"मना जा सांगला ता मी दाबला," ती म्हणाली. घाबरली की तिची पाड्याची बोली वर येते, एरवी ती पुस्तकी बोलते. "एकपन माझ्या मनाचा न्हाय दाबला."

"प्रश्न वाचत होतीस?"

"इंग्रजी हाय. वाचाया लागली की हितेशभाऊ बोलं, वाचू नको, पुढं चल, टाईम जातो. मंग मी नंबर टाकून नुसता उत्तर लिवत गेली."

"वही कुणी ठेवायला सांगितली?"

"कोनी न्हाय. मीच. काय चुकला तर कुटं चुकला ता कळावा."

जिला नासाडी करायची आहे ती स्वतःच्या अक्षरात पुरावा कशाला लिहून ठेवील, असं माझ्या मनात आलं. पण लगेच दुसरा विचार आला, की ठेवीलही; माझ्यासारखीनं नेमकं असंच म्हणावं म्हणून. एक्सचेंजमध्ये मी गोड आवाजाच्या बायकांना खोटं नाव सांगून ट्रंक कॉल लावताना ऐकलेलं आहे.

"फोनवर शेवटपर्यंत तूच होतीस ना?"

तिची नजर पडवीतून गेटकडे गेली आणि परत आली. पापणी लवायच्या आत. "हां."

"दुसरं कुणी नव्हतं?"

"न्हाय."

हे पहिलं खोटं. इतका वेळ ती माझ्याकडे बघून बोलत होती, आता पेल्याकडे बघून बोलली.

मी गेटवर गेले. बुधा स्टुलावर बसला होता, काठी गुडघ्यांत. जागृतीचा सख्खा मामा. साठीचा, कमी बोलणारा. संघात त्याला कुणी काही विचारत नाही, दार उघड आणि दार लाव एवढंच सांगतात. सकाळपासून पंधरा माणसं त्याच्या अंगावरून गेली होती, पण त्याला काय झालं म्हणून कुणी विचारलेलं नव्हतं.

"काल दुपारी कोण आलं होतं, बुधादादा?"

"कोन न्हाय."

"तू इथंच होतास?"

"हितंच."

मामाही पायांकडे बघून बोलला. घराण्याची रीतच असावी. मी परत फिरले, तर भूपेश माझी वाट बघत उभा होता.

"काकी, उगाच वेळ घालवताय," तो गालात हसत म्हणाला. "चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मामा-भाची एकच. काल तीन वाजता तर गेटवर चिटपाखरू नव्हतं, सताड उघडं!"

मी थांबले. "तुला कसं ठाऊक?"



४

रविवारी भूपेशची सुट्टी असते. तो मानकोलीला राहतो. सुट्टीच्या दिवशी भर उन्हात पस्तीस किलोमीटर तो काय गेटची हवा खायला आला होता?

"तुझा मेहुणा संगणकाचा कोर्स करून बसलाय," मी म्हटलं. "जागृतीच्या खुर्चीवर डोळा आहे त्याचा. आणि कॉम्प्रेसरचं बटण कुठं आहे ते तुला ठाऊक आहे."

त्यानं हात जोडले. "काकी, बटणाला हात लावला असेल तर हात झडो! दोन किलो कळ्या न्यायला आलो होतो. बहिणीच्या हळदीला. नोंद न करता. बस."

"खोलीचं दार उघडलंस तेव्हा आत गार होतं?"

"बर्फ! कॉम्प्रेसर चालू होता, त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं." तो आवाज खाली आणून म्हणाला, "सांगू नका कमिटीत."

चोरटा होता, पण घातकी नव्हता. दोन किलो कळ्यांसाठी ज्याची अशी गाळण उडते, तो तीनशे चाळीस किलोवर हात टाकत नाही. आणि कॉम्प्रेसर कुणी बंद केला हा प्रश्नच नव्हता, तो आपोआप बसतो. प्रश्न भोंग्याचा होता. भूपेशनं मात्र नकळत एक गोष्ट माझ्या पदरात टाकली. तीन वाजता बुधा गेटवर नव्हता. मग कुठं होता?

"वही दे," मी म्हटलं.

"पुरावा आहे तो."

"म्हणूनच मागतेय. नाहीतर हळदीचं विचारू का आनंदीबाईंना?"

वही माझ्या हातात आली. अडीच वाजले होते. मी पडवीत चष्मा लावून बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. भूपेशनं सगळ्यांना एकच ओळ दाखवली होती. बाकीच्या एकशे एक्क्याऐंशी कुणी बघितल्याच नव्हत्या.

एक, एंटर. दोन, एंटर. तीन, N. चार, Y. अक्षर नेटकं, सरळ रेषेत. सत्त्याण्णववर Y, समोर छोट्या अक्षरात 'डोंगल'. पहिल्या एकशे तीसांत मी मोजले, एकोणीस Y होते.

एकशे तीसनंतर एकही नाही.

मी परत मोजलं. एकशे एकतीसपासून शेवटपर्यंत एंटर होते, N होते, आणि मधूनमधून पाच ठिकाणी, इंग्रजी अक्षरांच्या रांगेत, मराठीत लिहिलेलं 'न्हाय'. त्यातलं तिसरं एकशे सेहेचाळीस.

N म्हणजे नाही, आणि न्हाय म्हणजेही नाहीच. मग एकाच वहीत, एकाच हातानं, दोन प्रकारचे नकार कशाला लिहिले होते?

मी वही मिटली आणि माझ्याच कपाळावर हात मारून घेतला. बत्तीस वर्षं जे काम केलं, ते मला आत्ता सुचलं होतं.

५

चारला कमिटी बसली. आनंदीबाई मध्ये, समोर अर्ज, अर्जावर पेन. जागृती भिंतीला टेकून.

"सहीच्या आधी दोन प्रश्न हितेशला," मी म्हटलं. "बाबा, नाही सांगायचं तेव्हा तू कसं सांगत होतास?"

"एन."

"कधी न्हाय म्हणालास?"

"मी? मी कशाला न्हाय म्हणेन? एन म्हणजे एन."

"आता त्या फाईलमध्ये बघ. हे पाच नंबर : एकशे चौतीस, एकोणचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठावन्न, एकाहत्तर. बाकीच्या चारांना तू काय सांगितलं होतंस?"

तो वहीतले नंबर मोजत फाईल चाळायला लागला. दुसऱ्याला त्याचा चेहरा बदलला. "हे मोठ्या मेमरी कार्डासाठी असतं. हे मी वाय सांगितलं होतं. हेपण. काकी, हे तर पाचही बंद आहेत! मी पाचही चालू सांगितले होते."

भूपेश उसळला. "म्हणजे पाच वेळा मुद्दाम केलं!"

"नीट ऐक," मी म्हटलं. "घात करणारा एकच जागा निवडतो, जिथं लागायचं तिथं. मेमरी कार्ड वाचता आलं नाही तर संघाचं काय जातं? इथं कामाचा आणि बिनकामाचा असा भेद न करता प्रत्येक होकाराचा नकार झालाय. एकही सुटलेला नाही. लबाडी कधी इतकी सरसकट नसते, चूक असते." मी हितेशकडे वळले. "फोन दाखव. कालचे कॉल."

त्यानं कुरकुरत फोन दिला. जागृतीचा नंबर, एक तास बावन्न मिनिटं. त्याच्या लगेच वर दुसराच नंबर, अठ्ठेचाळीस मिनिटं.

"हा कुणाचा?"

"तिचा फोन मध्येच कट झाला. मग ह्या नंबरवरून आला. कोणी पुरुष बोलत होता, मी सांगतो ते मागे ओरडत होता. मला काय, काम चाललं होतं ना!"

"आणि हे तू सकाळपासून सांगितलं नाहीस."

"कोणी विचारलं नाही."

जागृती भिंतीपासून सुटली. "मीच सांगते," ती म्हणाली. "माझ्या फोनची बॅटरी मेली. मामाचा साधा फोन, त्याचा स्पीकर चालत न्हाय, आनी रेंज फक्त मागल्या अंगनात. मंग मामा अंगनात उभा राहला, हितेशभाऊ सांगल ता खिडकीतून वरडला, मी दाबला. गेट सोडला म्हनून मामाची नोकरी जाल, म्हनून मी बोलली न्हाय."

अंगणात, काठीवर दोन्ही हात ठेवून, बुधा हे सगळं ऐकत होता.

मी एका कागदावर आठ उत्तरं लिहिली. तो कागद हितेशला दिला, तशीच नक्कल आनंदीबाईंच्या हातात ठेवली. "रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत जा. गिरणी चालू आहे, तुझ्या लूमपेक्षा आवाज कमी नाही. तिथून बुधाला फोन लाव आणि हे वाच." जागृतीला मी आत फळ्यापाशी उभं केलं, हातात खडू देऊन. बुधाला म्हटलं, "कालच्यासारखंच कर."

गिरणी घरघरत होती. बुधानं फोन कानात दाबला, डोळे बारीक केले आणि खिडकीकडे तोंड करून ओरडला.

"येन!"

खडू चालला.

"येंटर! येंटर! येन!"

मग तो जरा थांबला, फोन आणखी दाबला, आणि खात्रीनं ओरडला, "न्हाय!"

आनंदीबाई हातातल्या कागदाकडे बघत होत्या. त्यांना चौथीपर्यंतचं वाचता येतं. कागदावर पाचवं उत्तर होतं : वाय.

"येन! न्हाय! येंटर!"

फळ्यावर दोन न्हाय होते. कागदावर दोन वाय. बाकी सहा तंतोतंत.

६

कुणीतरी फिसकन हसलं.

"फोनवर शब्दाचं डोकं खाल्लं जातं, शेपूट तेवढी पोचते," मी म्हटलं. "एक्सचेंजमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे. म्हणून तर नावातली अक्षरं फोड करून सांगायची, नागपूरचा न, वसईचा व. वाय, हाय, न्हाय, तिघांची शेपूट एक. बुधादादाला वाय हे अक्षर माहीत नाही. पण आवाजात 'आय' आलं, आणि हितेश नुकताच दहा वेळा नकार देत होता. त्याच्या कानानं त्याला ठाऊक असलेला शब्द घेतला. खिडकीतून तो जागृतीच्या कानात पडला, आणि तिच्या घरच्या बोलीत न्हाय म्हणजे नाहीच. तिनं प्रामाणिकपणे एन दाबलं, आणि त्याहून प्रामाणिकपणे जसं ऐकलं तसं लिहिलं. तिनं पाचही ठिकाणी N लिहिलं असतं, तर मी आज तिला वाचवू शकले नसते."

हितेश गिरणीतून पीठ झटकत परत आला होता. त्यानं फळा बघितला. "मी नुसतं एंटर म्हटलं असतं तरी चाललं असतं," तो बारीक आवाजात म्हणाला. "त्या कार्डाला तो आपोआपच हो धरतो."

कमिटीतल्या एका बाईनं विचारलं, "मंग चूक बुधाची?"

सगळे अंगणाकडे वळले. बुधा पहिल्यांदाच आत आला. चपला बाहेर काढून, जसा देवळात यावा तसा.

"त्यानी न्हाय सांगला, मी न्हाय सांगला," तो म्हणाला. "वाय कंचा ता मना कोनी सांगला न्हवता. माझ्यामुलं बायांची फुला गेली. मी जातो." आणि त्यानं गळ्यातली गेटची चावी काढून आनंदीबाईंच्या पुढ्यात ठेवली.

मला त्या क्षणी हितेशचा, भूपेशचा आणि माझाही राग आला. सकाळपासून मी स्वतःला हुशार समजून सगळ्यांना उलटं-सुलटं विचारत फिरले होते. या माणसाला दोन प्रश्न विचारले, तेही गेटवर कोण आलं एवढंच. त्याला फोनवरचं काही ठाऊक असेल हे माझ्याही मनात आलं नव्हतं.

"चावी उचल, बुधा," आनंदीबाई म्हणाल्या. "सात क्रेट माझी गेली. शिव्या देवाचा हक्क माझा. ज्यानी सुट्टीच्या दिशी हितं याचा कंटाळा केला, त्याला मी देईन. ज्यानी गेलेल्या सेन्सरचा आकडा जिता दाखवला, त्याला देईन. तू पोरीच्या मदतीला उभा राहलास. तुला काय म्हनून देऊ?" त्यांनी अर्ज उचलला आणि चार तुकडे केले. मग भूपेशकडे बघून म्हणाल्या, "आनी तुला गेट उघडा दिसला ता कसा, ता मी उद्या विचारीन."

जागृती तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. बुधानं चावी परत गळ्यात घातली, पण मान काही वर केली नाही.

७

मंगळवारी हितेश सकाळी आठलाच हजर झाला. कुणी न सांगता त्यानं आधी आपला प्रोग्राम दुरुस्त केला. सेन्सर एक मिनिट गप्प राहिले तरी भोंगा वाजेल असा. मग नवा कर्नेल पहिल्यापासून बनवायला घेतला आणि खुर्चीवर बसणार, तोच जागृती म्हणाली, "मी करते."

"अगं, मी आलोय ना आता."

"तुमी बाजूला बसा."

तो बसला. मी दारात उभी होते. पडद्यावर पहिला प्रश्न आला. इंग्रजीची एक ओळ, शेवटी कंसात निवडीची अक्षरं : एन, एम, वाय, आणि सगळ्यांच्या मागे एक प्रश्नचिन्ह.

"एंटर," हितेश सवयीनं म्हणाला.

जागृतीनं एंटर दाबलं नाही. "ह्या शेवटच्याचा काय उपयोग?"

"ते? ते काही नाही. ते दाबलं की तो समजावून सांगतो, ही गोष्ट काय आहे, कुणाला लागते. मोठा परिच्छेद येतो."

"रविवारीपन व्हता हा? एकशे ब्याऐंशी वेळा?"

"असतोच तो."

"मना सांगला का न्हाय?"

तिनं प्रश्नचिन्ह दाबलं. पडदाभर मजकूर आला. ती बोट ठेवून, एकेक शब्द लावत वाचायला लागली, अडली तिथं मोबाईलवर अर्थ बघायला लागली.

"असं केलंस तर रात्र होईल," हितेश म्हणाला.

"होऊ दे," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

अंगणातून बुधानं खिडकीत डोकं घातलं आणि हळूच विचारलं, "काय सांगतो गं तो?"

जागृतीनं स्टूल सरकवून त्याला आत बोलावलं, आणि पहिल्या ओळीपासून मराठीत सांगायला लागली.